कोपऱ्यातला गडी

१ मार्च २०२४ची रात्र. शुक्रवार होता. शहापूरहून किन्हवलीमार्गे मी संध्याकाळीच सरळगावच्या पुढे, मुरबाड तालुक्यातल्या एका लहानशा गावी भाचीकडे येऊन पोहोचलो होतो. जेवणं लवकर उरकली होती. ओटीवर टीव्ही आणून ठेवलेला, समोर सतरंजी, आणि सतरंजीवर निम्मी आळी. हैदराबादला प्रो कबड्डीची अंतिम लढत होती. एका बाजूला पुणेरी पलटण, दुसऱ्या बाजूला हरियाणा स्टीलर्स. आता आमच्याकडे पुण्याचं कौतुक करायचं म्हणजे थोडं मनाला मुरड घालूनच करावं लागतं, पण त्या रात्री सगळी आळी पुण्याची झाली होती.

मी आपला सगळे बघतात तसा बघत होतो. म्हणजे जो चढाईला जाईल त्याच्यावर डोळे. भाचीचा धाकटा मुलगा माझ्या शेजारी बसला होता. वय एकोणीस. गावच्या संघात डावा कोपरा सांभाळतो. तो मला हळूच म्हणाला, "आजोबा, चढाई करनाऱ्याकडं बघू नका. तो कुनाला टाळतोय ते बघा."

पस्तीस वर्षं बँकेत काढली, दहाबारा कादंबऱ्या लिहिल्या. माणसं वाचता येतात अशी माझी उगाचच एक समजूत होती. त्या पोरानं एका वाक्यात ती खाली बसवली.

ज्यांना या खेळाची फारशी ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. बचावाला सात गडी. दोन टोकांना दोन कोपरे, मधे बाकीचे. चढाईला एकटा येतो. त्याला तीस सेकंद. त्या अवधीत त्यानं कोणाला तरी शिवायचं बघायचं आणि परत मध्यरेषा गाठायची, गाठता आली नाही तर तो बाद. वरवर पाहिलं तर एकाविरुद्ध सात असा हा अन्यायाचा सामना आहे. पण जाणकाराला तो तसा दिसत नाही. त्याला दिसतात जोड्या. समोरच्या संघाचा डावा कोपरा चढाई करणाऱ्याच्या उजव्या हाताला येतो. याचा उजवा पाय लांब जातो का, त्याचा हात घोट्यावर लवकर पडतो का, हा खाली वाकून निसटतो तर तो मांडी धरतो की कंबर, हा हिशेब. सामना सात आणि सातचा नसतो, एक आणि एकचा असतो. फक्त तो एक दर अर्ध्या मिनिटानं बदलतो.

आपल्याकडे याला शब्द आहे. जत्रेतल्या कुस्तीच्या फडात जुनी माणसं 'जोड लावतात'. वजन, वय, उंची, डाव बघून कोणाला कोणासमोर उभं करायचं ते ठरवतात. जोड चुकली की कुस्ती दोन मिनिटांत संपते आणि लोक नारळाचे पैसे वाया गेले म्हणतात. कबड्डीत मात्र जोड लावणारा पंच नसतो. चढाई करणारा स्वतःच आपली जोड निवडतो. आणि निवडायचा हक्क ज्याच्याकडे असतो, तो बलवानाला कशाला निवडेल?

माझा मुलगा अमेरिकेत असतो. त्याला बास्केटबॉलचं वेड. तो फोनवर सांगत असतो की तिकडे व्यावसायिक बास्केटबॉलच्या शेवटच्या फेऱ्यांमध्ये तेच दोन संघ एकमेकांशी सात सामन्यांपर्यंत झुंजतात, जो आधी चार जिंकेल तो पुढे. त्यामुळे पहिल्या सामन्यात चुकलेली जोड दुसऱ्यात सुधारता येते. २०१५ची अंतिम मालिका त्यानं मला तपशीलवार सांगितली होती. गोल्डन स्टेटचा संघ क्लीव्हलंडविरुद्ध एक-दोन असा मागे पडला. समोर लेब्रॉन जेम्स. चौथ्या सामन्याला त्यांच्या प्रशिक्षकानं आपला उंचापुरा मधला गडी बसवला आणि त्या मोसमात एकदाही सुरुवातीला न उतरवलेल्या आंद्रे इग्वाडालाला पहिल्यापासून मैदानात आणलं. पुढचे तिन्ही सामने गोल्डन स्टेटनं जिंकले, मालिका चार-दोन. लेब्रॉननं गुण केलेच, त्यात कसूर नाही. पण एकेका गुणासाठी त्याला घाम गाळावा लागला. मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती इग्वाडालाची.

आपल्या प्रो कबड्डीत अंतिम लढत एकच. चाळीस मिनिटं. चुकलं तर सुधारायला पुढचं वर्ष. म्हणून इथे जोडीचा विचार आधी, घरी बसूनच करावा लागतो.

आता २०१७ची अंतिम लढत घ्या. चेन्नईला २८ ऑक्टोबरला झाली. पाटणा पायरेट्सकडे प्रदीप नरवाल. त्या मोसमात त्यानं चढायांचे ३६९ गुण केले होते. हरियाणाविरुद्धच्या बाद फेरीच्या एका सामन्यात तर एकट्यानं ३४. साखळी करून उभ्या राहिलेल्या बचावाच्या हाताखालून पाण्यात सूर मारावा तसा तो निघून जाई. त्याच्या डुबकीची नक्कल आमच्या खाचरात पोरं अजून करतात आणि गुडघे फोडून घेतात. त्याच्यासमोर गुजरातचा संघ, आणि गुजरातच्या दोन्ही कोपऱ्यांत दोन इराणी. डावीकडे फझल अत्राचली, उजवीकडे अबोझर मिघानी. दोघे एकमेकांची भाषा बोलणारे आणि एकमेकांचा श्वास ओळखणारे. ही जोड पुरी पडेल असा अनेकांचा होरा होता. प्रत्यक्षात पाटण्यानं सामना ५५-३८ असा जिंकला.

सगळे म्हणाले, प्रदीपनं जिंकला. त्यानं १९ गुण केले हे खरं. पण बँकेतल्या माणसाला बेरीज दिसली की वजाबाकी सुचते. पंचावन्नातून एकोणीस गेले, राहिले छत्तीस. ते कुठून आले? ते त्याच्या जोडीदारांच्या चढायांतून, पकडींतून, लोण चढवल्याच्या गुणांतून आले. सगळं मैदान एकाकडे बघत असताना बाकीच्यांनी आपापलं काम केलं. शिवाय कबड्डीचा नियमच असा की बाद झालेला गडी बाहेर बसतो आणि आपल्या संघानं गुण मिळवला तरच आत येतो. प्रदीप बाहेर बसला की त्याला आत आणणारा दुसरा कोणी तरी लागतो. त्या दुसऱ्याचं नाव वर्तमानपत्राच्या मथळ्यात नसतं.

आणि तरीही ही बेरीज कायमची नसते. दहाच महिन्यांनी, ऑगस्ट २०१८मध्ये, जकार्ताला आशियाई स्पर्धा झाल्या. १९९०साली बीजिंगला या खेळाचा समावेश झाल्यापासून पुरुषांचं सुवर्णपदक भारताकडून कोणी हिरावलं नव्हतं. सलग सात वेळा. उपांत्य फेरीत समोर इराण. त्या इराणच्या संघात फझल होता. भारताकडे प्रदीप होता, अजय ठाकूर होता, आणि आपल्या कल्याणचा डावा कोपरा गिरीश एर्नाक हाही त्या भारतीय संघात होता. निकाल, इराण २७, भारत १८. आपण कांस्यपदकावर आलो.

त्या दिवशी आमच्याकडे लोकांनी सुतक पाळल्यासारखी तोंडं केली होती. पण विचार केला तर त्यात नवल काय? हे इराणी कोपरे चार-पाच मोसम आपल्याच चढाईपटूंबरोबर राहिले, त्यांच्याच पंक्तीत जेवले, सरावात रोज त्यांच्या घोट्याला हात घालत राहिले. कोण बोनस घ्यायला कोणता पाय पुढे टाकतो, दमल्यावर कोण कुठल्या बाजूला झुकतो, हे त्यांना पाठ झालं होतं. जोड म्हणजे नुसती ताकदीची तुलना नाही, ती ओळख असते. ज्याला तुम्ही ओळखता त्यालाच तुम्ही धरू शकता.

तर त्या मार्चच्या रात्री पुणेरी पलटणच्या डाव्या कोपऱ्यात आणखी एक इराणी होता, मोहम्मदरेझा शादलुई. त्या मोसमात पकडींचे ९९ गुण त्याच्या नावावर होते. हा नुसता वाट बघत उभा राहणारा गडी नव्हे. पुढे सरकून अंगावर जाणारा. अशा माणसाच्या बाजूला जायचं म्हणजे सावकाराच्या दारात स्वतःहून जाण्यासारखं. पोरानं सांगितल्यापासून मी तेच बघू लागलो. चढाई करणारा आत येतो, एक डोळा शादलुईवर, पाय मात्र दुसरीकडे. आणि दुसरीकडे गेलं की तिथे उजव्या कोपऱ्यात गौरव खत्री. पुण्याच्या पकडींत त्या रात्री तो उठून दिसला. पहिला डाव संपत आला असताना पंकज मोहितेनं एका चढाईत चार गडी टिपले आणि आमच्या ओटीवरचा आरडाओरडा पार सरळगावच्या नाक्यापर्यंत गेला असावा. मध्यंतराला १३-१०, आणि शेवटी २८-२५. पुणे पहिल्यांदा विजेतं झालं.

हरियाणाचे प्रशिक्षक मनप्रीत सिंग डोक्याला हात लावून बसलेले मला आठवतात असं म्हणणार होतो, पण ते माझ्यातल्या कादंबरीकाराचं बोलणं झालं. खरी गोष्ट त्याहून बोलकी आहे. २०१७ला गुजरातचे प्रशिक्षक तेच होते. जानेवारी २०१९ला बंगळुरूविरुद्ध गुजरात अंतिम सामना हरला तेव्हाही तेच. आणि आता तिसऱ्यांदा, हरियाणाबरोबर. मग त्यांच्या संघानं काय केलं? पुढच्या लिलावात शादलुईलाच आपल्याकडे आणलं. २९ डिसेंबर २०२४ला पुण्यात बालेवाडीला हरियाणानं पाटण्याला ३२-२३ असं हरवलं. त्या मोसमात चढाईत कोणाला न आवरणाऱ्या पाटण्याचे चाळीस मिनिटांत तेवीसच गुण झाले. जी जोड आपल्याला भारी पडते तिचा उपाय सापडत नसेल, तर तिच्या अलीकडच्या बाजूला येऊन उभं राहावं, हे शहाणपण त्यातलं.

असो. मोठ्यांच्या गोष्टी झाल्या. मला सांगायची आहे ती खाचरातली.

भात कापून झालं की आमच्या शहापूर-मुरबाडकडची खाचरं मोकळी होतात. वाल, हरभरा जिथे नसेल तिथे ढेकळं फोडून, पाणी मारून, धुम्मस करून मैदान तयार होतं. फक्कीच्या रेषा पडतात. पलीकडे माहुलीचे सुळके नाहीतर सिद्धगडाची भिंत, आणि मधे चार दिव्यांच्या उजेडात धुरळा. माघापासून चैत्रापर्यंत दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे सामने. त्या अंतिम लढतीनंतर मी एक वही केली. बँकेतल्या सवयीनं डाव्या पानावर नावे, उजव्या पानावर जमा. पोराच्या संघाचे पाच सामने मी बसून टिपले. समोरचा चढाईला आला की कोणत्या बाजूला गेला, काय घेऊन गेला, की इथेच राहिला.

पाच सामन्यांनंतर बेरीज मांडली. त्यांच्या उजव्या कोपऱ्याच्या पोरानं एकोणीस पकडी केल्या होत्या. आमच्या पोरानं सात. गावात उजव्याचं नाव झालं होतं. एका सामन्यात त्याला सर्वोत्तम पकडीचा चषक मिळाला, त्याच्या आईनं तो फडताळात देवाशेजारी ठेवला. माझी भाची मात्र म्हणाली, "मामा, ह्याला तुम्ही काय ते समजवा. नुसता उभा राहतो बघा तिकडं. भरतीचं वय चाललंय. सोळाशे मीटर पळायची तयारी करायची सोडून मातीत पाय मोडून घेईल."

तिचं चुकीचं नव्हतं. आमच्याकडे कबड्डी हा शौक असतो तितकाच तो पोटाचाही प्रश्न असतो. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा आहेत, पण त्यासाठी वरच्या पातळीवर खेळल्याचं प्रमाणपत्र लागतं. वरच्या पातळीवर जायचं तर कोणीतरी निवडायला हवं. आणि निवडायला हवं तर काहीतरी दिसायला हवं.

मी वही पुन्हा उघडली. समोरच्यांच्या निम्म्याहून अधिक चढाया उजव्या कोपऱ्याकडे गेल्या होत्या. आमच्या पोराकडे सहातली जेमतेम एक. उजव्याच्या एकोणीस पकडी होत्या हे खरं, पण त्याच्याच बाजूनं त्याच्या दुपटीहून जास्त गुण गेले होते. आमच्या बाजूनं मोजून सहा. म्हणजे येणारे मुळात येतच नव्हते, आणि जे आले त्यांतले बरेच राहून गेले. पहिल्या पाच मिनिटांत एखाद्याचा घोटा त्यानं असा धरायचा की पुढची पस्तीस मिनिटं सगळे दुसऱ्या वाटेनं जायचे. न झालेल्या चढाईची नोंद कुठल्या गुणपत्रकात करणार?

हे पान बघता बघता मला मुरबाडच्या शाखेतले दिवस आठवले. नव्वदीची सुरुवात होती. टोकावडे बाजूची एक विधवा बाई म्हशीसाठी कर्ज घेऊन गेली होती. बाजाराच्या दिवशी यायची, पदराच्या गाठीतून हप्ता काढून द्यायची, पावती कपाळाला लावून जायची. कधी एक दिवस उशीर नाही. पुढे वाढीव कर्जासाठी चांगल्या खातेदारांची नावं पाठवायची वेळ आली तेव्हा मी ज्यांच्या फायली जाड होत्या त्यांची नावं पाठवली. थकलेले, मग नोटीस गेलेले, मग मी स्वतः जीपनं जाऊन वसूल केलेले. ते माझ्या डोळ्यांसमोर होते. तिची फाईल पातळ होती. तिच्यात लिहिण्यासारखं काही घडलंच नव्हतं. यादी लागल्यावर ती आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "साहेब, मी दोन हप्ते थकवले असते तर माझं नाव तुमच्या ध्यानात राहिलं असतं का?"

मी तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा दिलंच नाही.

गेल्या मोसमात एका मोठ्या संघाची चाचणी होती. शहापूर-मुरबाडची तीस-चाळीस पोरं आली होती. मी वही पिशवीत घालून गेलो. पोराच्या लक्षात आलं. म्हणाला, "आजोबा, वही काढू नका. मला लाज वाटंल." मी काढली नाही.

सामने लावले. शहापूरकडचा एक चढाईपटू होता, उंच, लांब पायाचा, चिवट दमाचा. पहिल्याच चढाईला तो आमच्या पोराच्या बाजूला आला, पाय टाकला आणि क्षणभर घोटा अडकला. कसाबसा सुटून गेला, गुण घेतला तो त्यानंच. त्यानंतर अर्धा तास तो त्या बाजूला फिरकला नाही. मधे घुसला, उजवीकडे गेला, बोनस घेतले, गडी टिपले. आमचं पोर डाव्या कोपऱ्यात गुडघ्यात वाकून, हात पुढे करून, प्रत्येक चढाईला तयार उभं. त्याच्या अंगाला मातीसुद्धा फारशी लागली नव्हती.

संध्याकाळी नावं वाचली. शहापूरकडचा तो चढाईपटू होता. आमच्या पोराचं नाव नव्हतं. निवडणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या हातात कागद होता, कागदावर दोन रकाने होते, चढाई आणि पकड. जीपनं वसुलीला जाणाऱ्या माणसानं त्यांना काय बोलावं?

निघताना तो उंच पोरगा आमच्याकडे आला. आपल्या बाटलीतलं पाणी त्यानं आमच्याला दिलं आणि म्हणाला, "भाऊ, खरं सांगू का? तुझ्याकडं परत आलो असतो ना, तर माझं नाव आज लागलं नसतं." आमचं पोर हसलं. मला वाटतं, त्याला हवं असलेलं प्रमाणपत्र त्याला मिळालं होतं. फक्त त्यावर शिक्का नव्हता, आणि ते भरतीला चालणार नव्हतं.

मी त्याला घरी येताना विचारलं की थोडी चढाई करायला शीक, गुण दिसतील. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "करीन की. पन कोपरा सोडनार नाय, आजोबा. तिकडून कुनी येत नाय म्हणून तर बाकीचे खेळतात." आता तो पहाटे सोळाशे मीटर पळतो आणि संध्याकाळी मैदानात जातो. पुढच्या चाचणीत काय होईल ते मला सांगता येणार नाही. जोड लावणाऱ्यांच्या नजरेवर ते आहे.

मी वहीत तिसरा रकाना आखला आहे. मथळा दिला आहे, 'न आलेले'. परवा खाचरात सामना होता. माझा चष्मा घरी राहिला होता म्हणून मी वही भाचीकडे दिली आणि काय करायचं ते सांगितलं. ती आधी नको नको म्हणाली. मग समोरून चढाईवाला आला, त्यानं डावीकडे एकदा बघितलं आणि पाय वळवून उजवीकडे निघाला. तिनं पेन्सिल ओली करून एक रेघ मारली. थोड्या वेळानं दुसरी. मध्यंतराला मी विचारलं, किती झाल्या?

"थांबा हो मामा," ती मैदानावरून नजर न काढता म्हणाली, "मोजू दे मला."